शब्द शेपटीकडून धरा

पत्र ठाण्याच्या वर्तकनगरमधून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई चाळिशी ओलांडलेल्या. शाळा मराठी माध्यमाची, पुढे मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. आता रबाळ्याच्या एका औषध कंपनीत क्वालिटी विभागात बरीच वर्षं आहेत. परदेशातल्या टीमबरोबर दर आठवड्याला होणारा कॉल यापुढे त्यांनी चालवावा, असं साहेबांनी सांगितलंय. पलीकडे दोघे आयर्लंडचे आणि एक जर्मन. मागच्या एका कॉलवर 'स्टेरिलिटी' (निर्जंतुकपणा) हा शब्द ताईंनी पुन्हापुन्हा, एकेक अक्षर स्पष्ट करून सांगितला, तरी समोरच्याला कळेना. शेवटी त्याने चॅटवर शब्द टाइप करून "हाच ना?" असं विचारलं. शेजारी बसलेला ज्युनिअर हसला. घरी नववीतली लेक म्हणते, "आई, मोठा शब्द तोडून तोडून बोल, प्रत्येक तुकडा क्लिअर." ताईंनी शब्दकोशातले ठिपके बघून शब्दांचे तुकडे पाठ केले, तर अडखळणं आणखी वाढलं. स्टेशनजवळच्या एका क्लासने तीन महिन्यांत 'ॲक्सेंट' बदलून देतो म्हणून भरमसाट फी सांगितली आहे. त्या विचारतात, "क्लास लावू, की कॉल दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगू? मराठी माध्यमाचं हे ओझं या वयात उतरतं का?"

ताई, नमस्कार.

ज्युनिअरचं हसणं, मराठी माध्यम आणि 'स्टेरिलिटी' या तीन गोष्टी तुम्ही एकात एक गुंतवल्या आहेत. त्या आधी सुट्या करू या. ज्युनिअरच्या हसण्यावर इंग्रजी सुधारणं हा उपाय नाही. पुढच्या वेळी त्याच्याकडे बघून शांतपणे "काय रे, काय झालं?" एवढं विचारा, पुरे. माध्यमाकडे नंतर येते. 'स्टेरिलिटी'ची अडचण मात्र खरी आहे, आणि ती तुम्हाला वाटते त्यापेक्षा खूप लहान आहे.

पलीकडचा माणूस हसला नाही, वैतागलाही नाही. त्याने नेमका तोच शब्द टाइप केला. म्हणजे तुमचं बाकीचं बोलणं त्याला इतकं कळत होतं की न कळलेला शब्द त्याने अंदाजाने बरोबर ओळखला. मग अडलं कुठे? त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे: 'एकेक अक्षर स्पष्ट करून'. तुम्ही स्टे-रि-लि-टी असे चार सारखे तुकडे दिलेत, आणि पहिला असल्यामुळे 'स्टे'वर थोडं जास्तच वजन टाकलंत. इंग्रजी कानाला त्या शब्दात एकच तुकडा ठसठशीत हवा असतो, 'रि'. त्याच्या आधीचा 'स्टे' जवळजवळ गिळलेला, नुसता 'स्ट' वाटावा असा. सुरुवातीलाच वजनदार 'स्टे' कानावर पडल्यावर तो ऐकणारा 'स्टे'ने सुरू होणारे शब्द मनात शोधायला लागला. त्यात 'स्टेरिलिटी' नव्हताच. तुम्ही जितकं स्पष्ट करत गेलात तितका तो लांब गेला.

म्हणून लेकीच्या सल्ल्याबद्दल थोडं. तिचा हेतू चांगला आहे, आणि शाळेत स्पेलिंग पाठ करण्यासाठी तुकडे पाडायला शिकवतात तेही योग्यच आहे. लिहिताना प्रत्येक तुकड्याला सारखा मान मिळतो, बोलताना तो मिळत नाही. शब्दाचे तुकडे पाडणं हे अर्धं काम झालं. त्यातला कुठला तुकडा जड आणि कुठले हलके, हे उरलेलं अर्धं, आणि समजण्या-न समजण्याचा निकाल तिथे लागतो.

शब्दकोशातल्या ठिपक्यांनी तर तुम्हाला भलत्याच वाटेला लावलं. ते ठिपके उच्चारासाठी नसतातच. छापताना ओळ संपली आणि शब्द मावला नाही तर तो कुठे तोडून जोडरेघ द्यायची, एवढंच ते सांगतात. ओळीच्या शेवटी एकटं अक्षर लटकत ठेवायचं नाही, असा छपाईचा नियम. त्यामुळे 'ॲनालिसिस'सारख्या शब्दात अमेरिकी शब्दकोश दोनच ठिपके देतो, म्हणजे तीन तुकडे. तोंडातून मात्र चार निघतात. 'इकॉनॉमी'चंही तेच. ब्रिटिश आणि अमेरिकी छपाईत तर एकच शब्द वेगवेगळ्या जागी तुटलेला सापडतो. उच्चार हवा असेल तर ठिपके सोडा आणि त्याच नोंदीत पुढे दिलेली उच्चारलिपी बघा. तिथे एक बारीक उभी रेघ वरच्या बाजूला दिसेल, ती ज्या तुकड्याच्या आधी आहे तो जड तुकडा. खालच्या बाजूला तशीच रेघ असेल तर तो दुय्यम जोर, त्याची चिंता आत्ता नको. काही अमेरिकी कोशांत जोराची खूण तुकड्याच्या नंतर देतात, तेवढं प्रस्तावनेत एकदा बघून घ्या. मोबाइलवरच्या शब्दकोशात ध्वनीचं बटण असतंच.

आता तुकडे मोजायचे कसे? जितके स्वर कानाला ऐकू येतात तितके तुकडे. कागदावर किती स्वराक्षरं आहेत याच्याशी संबंध नाही. ही विद्या तुम्हाला येते, फक्त इंग्रजीसाठी वापरायचं तुमच्या लक्षात आलं नाही. 'करमणूक' लिहिताना पाच अक्षरं लिहिता आणि बोलताना कर्-म-णूक् असे तीनच तुकडे करता. 'घरकाम'ची चार अक्षरं, बोलताना दोन. लिहिलेला स्वर बोलताना गाळायची सवय आपल्या जिभेला जन्मापासून आहे. इंग्रजीत आलं की मात्र आपण एकदम प्रामाणिक होतो आणि लिहिलेलं सगळं वाचतो. 'टेम्परेचर'चे चार तुकडे करतो, तिकडे बहुतेक जण टेम्-प्र-चर असे तीनच करतात. 'व्हेजिटेबल' आणि 'कम्फर्टेबल'ही तिनातच संपतात. तुमच्या रिपोर्टमधली भूतकाळाची रूपं घ्या: 'टेस्टेड'मध्ये शेवटी नवा तुकडा येतो, कारण मूळ शब्द ट किंवा ड या आवाजाने संपतो. 'चेक्ड'मध्ये तसा काही येत नाही, तो अख्खा शब्द एकच तुकडा.

शाळेत 'यमाताराजभानसलगम्' म्हणत लघु-गुरू लावलेले आठवत असतील. ओळ कानाने मोजायची ती सवय इथे थेट उपयोगी पडते. फक्त एक फरक ध्यानात ठेवा. आपला गुरू हा मात्रेचा हिशेब आहे, दीर्घ स्वर किंवा पुढे जोडाक्षर दिसलं की गुरू. इंग्रजीतला जोर असा डोळ्यांनी दिसत नाही. आणि एका लांब शब्दात मुख्य जोराचा तुकडा एकच असतो.

तुकडा नेमका कुठल्या अक्षरापाशी कापायचा, यावर वेळ घालवू नका. 'स्टे-रि' की 'स्टेर्-इ', यावर भाषाशास्त्रज्ञ वाद घालतील. समोरच्याला तुकड्यांची संख्या आणि जड तुकड्याची जागा बरोबर मिळाली की शब्द पोचतो.

जड म्हणजे ओरडून नव्हे. आपण मराठीत ठासून सांगायचं असलं की आवाज चढवतो, म्हणून इंग्रजीतही तेच करायला जातो. इंग्रजीत जड तुकडा किंचित लांबतो, त्याचा सूर थोडा वर जातो आणि त्यातला स्वर पूर्ण उच्चारला जातो. बाकीच्या तुकड्यांतले स्वर विरघळून एका पुसट आवाजाकडे जातात. इंग्रजीत सगळ्यात जास्त वेळा येणारा स्वर हाच पुसट आवाज. आणि गंमत अशी की तो आपल्याकडे आयता आहे: आपला साधा 'अ' त्याच्या अगदी जवळचा. 'इकॉनॉमी' हा शब्द इ-कॉ-न-मी असा म्हणून बघा, 'कॉ' भरून, 'न' अगदी पुसट. झालं. यासाठी जीभ वळवायची कसरत लागत नाही, उलट ढील द्यावी लागते.

आता मुख्य गोष्ट. लांब शब्दाला आपण डोक्याकडून भिडतो आणि मध्येच दम लागतो. त्याला शेपटीकडून धरा. इंग्रजीतले बरेचसे लांब शब्द लॅटिन-ग्रीकमधून आलेले, आणि त्यांची शेपटी जोर कुठे आहे ते सांगून टाकते.

तुमच्या कामातली सगळ्यात मोठी फौज 'शन'वाल्यांची. तिथे 'शन'च्या लगेच आधीचा तुकडा जड. व्हॅ-लि-डे-शन, 'डे' जड. डी-व्हि-ए-शन, 'ए' जड. कन्-टॅ-मि-ने-शन, 'ने'. स्पे-सि-फि-के-शन, 'के'. डॉक्युमेंटेशन, इन्व्हेस्टिगेशन, सगळे याच वाटेने. 'टेलिव्हिजन'सारखा एखादा बंडखोर निघतो, पण तुमच्या बॅच रेकॉर्डमध्ये टीव्हीचं काही काम नाही.

दुसरी शेपटी 'इटी'. जोर तिच्या लगेच आधी, आणि इथेच तुमचा घोटाळा झाला. 'स्टेराइल' म्हणताना जोर पहिल्या तुकड्यावर असतो, 'स्टेरिलिटी' झाल्यावर तो 'रि'वर सरकतो. 'स्टेबल'मध्ये पहिल्यावर, 'स्टॅबिलिटी'त 'बि'वर, आणि सुरुवातीचा 'स्टॅ' ढेपाळून 'स्ट' होतो. व्हॅलिड-व्हॅलिडिटी, टॉक्सिक-टॉक्सिसिटी, ह्युमिड-ह्युमिडिटी, जोड्या लावून म्हणा. शेपटी लागली की जोर तिच्या दिशेने सरकतो हे कानाला कळू द्या. आणि ज्या विभागात तुम्ही इतकी वर्षं आहात त्याचं नाव बघा: क्वॉ-लि-टी. 'इटी'च्या लगेच आधीचा 'क्वॉ' जड. हा शब्द तुम्ही रोज बरोबर म्हणता आणि त्यावर कुणी कधी हसलेलं नाही.

'लॉजी' आणि 'ग्राफी' या शेपट्यांमध्ये शेवटून तिसरा तुकडा जड. माय-क्रो-बाय-ऑ-ल-जी, सहा तुकडे, जोर 'ऑ'वर. क्रो-म-टॉ-ग्र-फी, जोर 'टॉ'वर. पण त्याच शब्दाला 'इक' लागलं, 'क्रोमॅटोग्राफिक' झालं, की जोर 'ग्रॅ'वर उडी मारतो, कारण 'इक'चा नियम 'शन'सारखाच, लगेच आधीचा तुकडा. एन्झायमॅटिक, स्पेसिफिक, मायक्रोस्कोपिक. अपवाद आहेत: पॉलिटिक्स, अरेबिक, कॅथलिक, ल्यूनॅटिक. ते तेवढे पाठ करून टाकावेत.

एकाच कुटुंबात जोर कसा फिरतो हे बघायचं असेल तर तुमच्या लॅबमधलंच घर घ्या. 'ॲनालिस्ट' हा माणूस, जोर पहिल्या 'ॲ'वर. तो करतो ते 'ॲनालिसिस', अ-नॅ-लि-सिस, जोर 'नॅ'वर, आणि पहिला स्वर पुसट झालेला. त्याचा रिपोर्ट 'ॲनालिटिकल', जोर 'लि'वर. मूळ एकच, जोराच्या जागा तीन. आपण मराठीत बोलताना तिन्ही शब्द एकाच चालीत म्हणतो आणि मराठीत ते बरोबरच आहे. रबाळ्याच्या कॅन्टीनमध्ये मराठीत गप्पा मारताना 'अनॅऽलिसिस' असा सूर लावायची काही गरज नाही, लोक वेड्यात काढतील. मराठी वाक्यात आलेला शब्द मराठीच्या चालीने म्हणायचा.

काही शेपट्या जोराला हातही लावत नाहीत: 'मेंट', 'नेस', 'ली', 'इंग'. तिथे मूळ शब्दात जोर जिथे होता तिथेच राहतो. म्हणून 'डेव्हलप'चा जोर 'व्हे'वर, 'डेव्हलपमेंट'चाही 'व्हे'वर. आपल्याकडे तो सर्रास 'डे'वर पडतो. 'सर्टिफिकेट'चंही तसंच, आपण 'सर'वर जोर देतो, तो असतो 'टि'वर. लेकीला हा शब्द म्हणायला सांगा. इंग्रजी माध्यमातली बहुतेक मुलं इथे आपटतात, आणि यावरून माध्यमाच्या ओझ्याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. हे नियम मराठी माध्यमात शिकवत नाहीत, हे खरं. इंग्रजी माध्यमातही क्वचितच शिकवतात. तिथली मुलं जे ऐकतात ते उचलतात, आणि ऐकतात ते आपल्यासारख्यांचंच.

लेकीला रिझवायचं असेल तर शेपटीचा एक खेळ आहे. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या एका संघटनेच्या अध्यक्षांनी मुद्दाम लांबलचक बनवलेला शब्द: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, इंग्रजीत पंचेचाळीस अक्षरं. शेपटी 'ओसिस', आणि मुख्य जोर तिच्या 'ओ'वर, ट्यूबरक्युलोसिस किंवा थ्रॉम्बोसिससारखाच. न्यूमोनो, अल्ट्रा, मायक्रोस्कोपिक, सिलिको, व्होल्कॅनो, कोनिओसिस असे ओळखीचे डबे पाडले की नववीतली मुलगी रात्रीच्या जेवणापर्यंत तो म्हणून दाखवेल.

काही ठिकाणी शेपटीही मदत करत नाही. 'रेकॉर्ड' हे नाम असेल, तुमचं बॅच रेकॉर्ड, तर जोर 'रे'वर. नोंद करणं ही क्रिया असेल तर 'कॉर्ड'वर. 'लॅबोरेटरी' हा शब्द ब्रिटिश चालीत दुसऱ्या तुकड्यावर जोर घेतो, अमेरिकी चालीत पहिल्यावर. दोन्ही बरोबर. एक निवडा आणि तोच ठेवा.

मग या सगळ्याची खरोखर गरज आहे का? जाणकारांचं यावर एकमत नाही. हैदराबादच्या इंग्रजी संस्थेतले आर. के. बन्सल यांनी १९६०च्या दशकात भारतीयांचं इंग्रजी बाहेरच्यांना कितपत कळतं याचा अभ्यास केला. शब्दातला जोर चुकणं हे न कळण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक निघालं. उलट २००० साली जेनिफर जेंकिन्स या अभ्यासक बाईंनी, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांनी एकमेकांशी बोलताना काय सांभाळायलाच हवं याची यादी केली, तेव्हा शब्दातला जोर त्यातून वगळला. वाक्यात कुठल्या शब्दावर भर द्यायचा, ते मात्र ठेवलं. तुमच्या कॉलवर दोन्ही प्रकारचे कान आहेत. जर्मन सहकाऱ्याला तुमचं 'स्टेरिलिटी' कदाचित कळलंही असेल. आयरिश माणूस लहानपणापासून जोरावरून शब्द ओळखत आला आहे, तो अडला. माझं मत विचाराल तर कामाचे शब्द तेवढे दुरुस्त करा आणि बाकीचं इंग्रजी आहे तसं राहू द्या. तुमच्या इंग्रजीला ठाण्याचा वास आला तर येऊ दे. ते लोक 'ऐरोली' कसं म्हणतात ते एकदा म्हणायला लावून बघा.

कॉल सोडायचा विचार मला अजिबात पटत नाही. पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय की पलीकडच्या टीमने पाठवलेल्या कार्यपद्धतीतली तापमानाची चूक तुम्हीच पकडली होती. ती पकडायला विषय यावा लागतो. जोर बरोबर आणि विषय कच्चा, असा माणूस त्या खुर्चीत बसवून कंपनीला काय मिळणार?

सरावासाठी नवीन पुस्तक घेऊ नका. तुमच्या गेल्या दोन-तीन कॉलची इतिवृत्तं काढा आणि त्यातले लांब शब्द एका वहीत उतरवा. तेच तेच शब्द फिरून येतात हे पहिल्याच पानावर दिसेल. प्रत्येकाची शेपटी अधोरेखित करा, शेपटीवरून जड तुकड्याला गोल करा, मग शब्दकोशाच्या आवाजाशी ताडून बघा. मग शब्द न म्हणता नुसती त्याची चाल गुणगुणा. 'व्हॅलिडेशन'ची चाल म्म-म्म-म्मऽऽ-म्म. चाल बसली की तीवर अक्षरं चढवा. ठाणे ते रबाळे लोकलमध्ये हे सहज होईल. लेडीज डब्यात कुणी हरिपाठ पुटपुटत असतं, कुणी फोनवर सासूची कथा सांगत असतं, तुम्ही 'कंटॅमिनेशन' पुटपुटलात तर कुणी मान वळवणार नाही. रोज थोडेच शब्द घ्या, आणि सुटा शब्द घोकण्याऐवजी तुमच्या खऱ्या वाक्यात म्हणा. आठवड्यातून एकदा स्वतःचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ऐका. स्वतःचा आवाज ऐकवत नाही, ते सगळ्यांचंच होतं.

कॉलच्या आदल्या दिवशी विषयांची यादी मेलवर पाठवा आणि बोलताना ती स्क्रीनवर ठेवा. डोळ्यांसमोर शब्द असला की कानावरचा भार कमी होतो, आणि हे तुमच्यासाठीच नाही, त्या जर्मन माणसासाठीही सोयीचं आहे. एखादा शब्द अडलाच तर तोच तसाच पुन्हा, आणखी जोरात म्हणू नका. जोराची जागा बदलून एकदा म्हणा, नाहीतर 'ती जंतू वाढतात का ते बघायची चाचणी' असं साध्या इंग्रजीत सांगून पुढे व्हा.

राहिला क्लास. क्लास वाईटच असतात असं मी म्हणणार नाही. चांगला शिक्षक मिळाला तर वहीचं काम निम्म्या वेळात होतं. पण 'ॲक्सेंट बदलून देतो' हे आश्वासन तुमच्या अडचणीवर नाही, तुमच्या लाजेवर बेतलेलं आहे. फी भरण्याआधी एक तास बसू द्या म्हणून सांगा आणि तुमची वही बरोबर न्या. त्यातला 'स्टेरिलिटी' सरांना दाखवून हा शब्द कसा शिकवाल ते विचारा. सरांनी 'रि'वर बोट ठेवून 'स्टेराइल'शी जोडी लावून दाखवली तर महिनाभरापुरती फी भरून बघायला हरकत नाही. त्यांनी टाळ्या वाजवत चार सारखे तुकडे करून दाखवले, तर चहा घ्या आणि घरी या.